घरच्या घरी मोटरसायकलचं इंजिन: उतरवण्यापासून पुन्हा सुरू करण्यापर्यंत

इंजिन उतरवायचं ठरवण्याआधी ते उतरवायची गरज आहे का, हे तपासा. गाडी धूर मारायला लागली की थेट फाउंडेशन बोल्टना (इंजिन फ्रेमला धरून ठेवणाऱ्या बोल्टना) पाना लावणारे पुष्कळ असतात. बरेचदा काम हेडपुरतंच, म्हणजे व्हॉल्व्ह असलेल्या वरच्या भागापुरतंच असतं आणि ते इंजिन फ्रेममध्ये ठेवूनही होतं. हा लेख १०० ते २०० सीसीच्या, एका सिलिंडरच्या, हवेवर थंड होणाऱ्या फोर स्ट्रोक इंजिनाबद्दल आहे. घरी पहिल्यांदा हात घालायला हेच इंजिन बरं. यात पाण्याचे पाइप नसतात, भाग मोजके असतात आणि एकट्या माणसाला ते हलवता येतं.

आधी रोग ओळखा

निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पण तो कधी येतो, यावर सगळं अवलंबून आहे. गाडी रात्रभर उभी राहून सकाळी सुरू करताना भसकन धूर आला आणि थोड्या वेळात बंद झाला, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर घ्यावा. उतारावर थ्रॉटल सोडून गाडी खाली आणली आणि पुन्हा पिळताना धूर आला, तरीही सील किंवा व्हॉल्व्ह गाइड. थ्रॉटल पिळला की सतत धूर आणि ऑइल भराभर कमी होत असेल, तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (पिस्टन ज्यात फिरतो ती सिलिंडरची नळी) गेलेला असतो.

हा अंदाज कॉम्प्रेशन गेजने पक्का करून घ्या. इंजिन गरम करा, प्लग काढून त्या जागी गेज लावा, थ्रॉटल पूर्ण उघडा धरा आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत किका मारा. चांगल्या स्थितीतलं इंजिन साधारण १० ते १२ बार दाखवतं, पण नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला धरा. सुरू करणं सोपं जावं म्हणून कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टवर) डिकॉम्प्रेशनची, म्हणजे किक मारताना थोडा दाब सोडण्याची सोय असलेल्या गाड्यांत काटा मुळातच कमी चढतो. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडा आणि पुन्हा मोजा. आता दाब ठळकपणे वाढला, तर गळती रिंगांतून होतेय. काहीच फरक पडला नाही, तर व्हॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग (गॅस्केट). या चाचणीला दहा मिनिटं लागतात आणि ती टाळून पुढे जाण्यात काहीच शहाणपण नाही.

आवाजाचंही तसंच. वरून हलकी टकटक येत असेल तर आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि रॉकर यांच्यातली फट तपासा. साखळी घासल्यासारखी खरखर असेल तर टायमिंग चेन (क्रँकवरून कॅम फिरवणारी आतली साखळी) किंवा तिला ताणून धरणारा टेन्शनर. इंजिनावर लोड आला की खालून जड ठकठक येत असेल, तर कनेक्टिंग रॉडचं मोठं बेअरिंग. वेगाबरोबर वाढणारी घरघर बहुधा क्रँकच्या बेअरिंगची.

खालच्या अर्ध्या भागाचं काम, म्हणजे क्रँक, गियर, किकची शाफ्ट, करायचं असेल तर इंजिन उतरवण्याला पर्याय नाही. क्लच प्लेटा, मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं चुंबकी चाक), बाहेरचे ऑइल सील यांसाठी उतरवू नका. हेड आणि ब्लॉक (सिलिंडरचा भाग) अनेक गाड्यांत फ्रेममध्येच निघतात. वरच्या स्टडमधून (केसमधून उभ्या आलेल्या आटेदार दांड्यांवरून) ब्लॉक बाहेर सरकवायला फ्रेमखाली जागा आहे का, एवढं पाहून ठरवा.

हत्यारं आणि जागा

रिंग पाने, गोटी पान्यांचा सेट, ८, १०, १२ आणि १४ चे टी पाने, लॉक काढायची पक्कड, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), व्हर्नियर, रबरी हातोडा आणि टॉर्क पाना एवढं हवंच. टॉर्क पान्यावर पैसे वाचवू नका. ॲल्युमिनियमचे आटे हाताच्या अंदाजावर विश्वास ठेवणाऱ्यांना माफ करत नाहीत. दोन हत्यारं तुमच्याच मॉडेलची लागतील: मॅग्नेट पुलर आणि क्लच नटाचा खास पाना.

कव्हरचे स्क्रू चौफुली असतील तर साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यांत नीट बसत नाही आणि खाचा झिजवतो. जपानी मापाचा स्क्रूड्रायव्हर घ्या. घट्ट बसलेल्या स्क्रूसाठी हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा.

जागा हवेशीर, सपाट आणि उजेडाची हवी. पेट्रोलची टाकी उतरवणार असल्याने आसपास देवघरातला दिवा, गॅस, विडी, ठिणगी उडवणारं ग्राइंडर काहीही चालू नको. पार्ट धुवायला पेट्रोल वापरू नका. रॉकेल किंवा डिझेल बरं, तेही उघड्या हवेत आणि हातमोजे घालून.

छोट्या डब्या, पिशव्या आणि मार्कर जवळ ठेवा. प्रत्येक पायरीला फोनने फोटो काढा, विशेषतः वायरी कुठून जातात आणि पाइप कुठल्या बाजूने वळतात त्याचे. क्रँककेस (इंजिनाचं खालचं कवच, पुढे नुसतं केस) आणि क्लच कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात खोचा. लांब बोल्ट आखूड भोकात गेला की तळाला टेकून केसलाच तडा देतो, आणि आखूड बोल्ट लांब भोकात गेला की दोनच आट्यांवर लटकतो.

उतरवणं

आधी गाडी धुऊन घ्या. चिखल आणि ग्रीस चिकटलेलं इंजिन उघडणं म्हणजे वाळू आत जायला रस्ता करून देणं. मग पाच मिनिटं इंजिन चालवून ऑइल कोमट करा आणि ड्रेन बोल्ट उघडून सगळं गाळा. ते भांड्यात धरा, कारण त्यात काय निघतं ते पाहायचं आहे. बोटांत चोळून पाहा. करड्या रंगाची बारीक चकाकी चालते. चमचमते कण किंवा तुकडे निघाले तर खालचा भाग उघडावाच लागणार. जुनं ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नका. बंद डब्यात भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्या वर्कशॉपला द्या.

गाडी मेन स्टँडवर घ्या आणि पुढचं चाक हलणार नाही असं अडवा. मेन स्टँड इंजिनाच्याच बोल्टांवर बसवलेला असेल, तर फ्रेमला वेगळा आधार लागेल, हे आधीच पाहून ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सगळ्यांत आधी काढा. पेट्रोलचा नळ बंद करून टाकी उतरवा आणि कामाच्या जागेपासून दूर ठेवा. इंजेक्शनच्या गाडीत पाइपात दाब उरलेला असतो, त्यामुळे जोड उघडताना त्याभोवती फडकं गुंडाळा.

यानंतर सायलेन्सर. बेंड पाइपाचे नट गंजलेले असतात, म्हणून आदल्या रात्रीच त्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. जोर लावून स्टड तुटला तर हेडमधून उरलेला तुकडा काढण्यात अख्खा दिवस जातो. नट हटत नसेल तर थोडा सैल, थोडा घट्ट असं मागेपुढे करत काढा.

कार्बोरेटर सोडवताना केबल काढायची गरज नसते. कार्बोरेटर बाजूला करून फ्रेमला बांधा आणि इनटेकचं तोंड स्वच्छ कापडाने बंद करा. मग प्लगची कॅप, क्लच केबल, ब्रीदरचा पाइप, मॅग्नेटच्या वायरींचा कपलर, न्यूट्रलची वायर आणि सेल्फ असेल तर त्याची जाड वायर. गियर लिव्हर काढण्यापूर्वी शाफ्ट आणि लिव्हरवर एकाच रेषेत खूण करा.

आता एक क्रम, जो नवखे हमखास चुकवतात. चेन गाडीवर असतानाच पुढच्या स्प्रॉकेटचे बोल्ट सैल करा. कोणाला तरी मागचा ब्रेक दाबून धरायला सांगा. खालचा भाग उघडायचा असेल, तर वरचा गियर टाकून, ब्रेक दाबून मॅग्नेटचा नट आणि क्लचचा नटही याच वेळी सैल करून ठेवा. कारण इंजिन जमिनीवर आलं की ते धरणार कोण? सुटं इंजिन पान्याबरोबर गोल फिरतं आणि मग लोक फिन्समध्ये स्क्रूड्रायव्हर अडकवून फिन तोडतात. काही इंजिनांत यांपैकी एखाद्या नटाला उलटे आटे असतात. नट हटत नसेल तर जोर वाढवण्याआधी मॅन्युअल बघा.

चेन उतरवा. इंजिनखाली जॅक लावा, मध्ये लाकडी फळी ठेवा आणि इंजिनाचं वजन जॅकवर येईल इतकंच उचला. अशी छोटी इंजिनं साधारण २० ते ३० किलोची भरतात. आकडा फार नाही, पण वाकलेल्या पाठीने आणि तेलकट हातांनी उचलायला तेवढं पुरेसं जड आहे. दुसरा माणूस बोलवा. आधी हेडवरची पट्टी, मग पुढचे ब्रॅकेट आणि शेवटी मागचे लांब फाउंडेशन बोल्ट काढा. बोल्ट सुटला पण बाहेर येत नसेल, तर वजन त्याच्यावर अडकलंय. जॅक जरासा वरखाली करा, तो हाताने निघतो. हातोडा मारायचाच असेल तर मध्ये पितळी किंवा लाकडी तुकडा धरा, थेट आट्यांवर मारू नका. काही मॉडेल्समध्ये स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या फाट्याचा) बोल्ट इंजिनातून जातो. तिथे तो काढण्याआधी मागचं चाक आणि स्विंगआर्म टेकवून घ्यावे लागतात. सगळं सुटलं की ज्या बाजूला जागा जास्त त्या बाजूने इंजिन थोडं तिरकं करून बाहेर काढा.

वरचा भाग उघडताना

टॅपेटची झाकणं आणि मॅग्नेटवरची छोटी खिडकी उघडा. क्रँक चालण्याच्या दिशेनेच फिरवा. डाव्या बाजूच्या मॅग्नेटकडून पाहिलं तर बहुतेक इंजिनं घड्याळाच्या उलट फिरतात. पिस्टन अगदी वर आल्याची ‘टी’ची खूण केसवरच्या खुणेशी जुळवा. शेजारची ‘एफ’ ही ठिणगीची खूण असते, तिच्यावर थांबू नका. या क्षणी दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे छोटे हात) सैल हवेत. सैल नसतील तर पिस्टन एक्झॉस्टच्या फेरीत वर आलाय. क्रँक आणखी एक पूर्ण फेरी फिरवा. कॅम स्प्रॉकेटच्या खुणा हेडच्या काठाशी कशा जुळतात, त्याचा फोटो काढा. पुन्हा बसवताना हाच फोटो तुम्हाला वाचवेल.

टेन्शनर आधी सोडवा, मग कॅम स्प्रॉकेट. टायमिंग चेनला लगेच तार बांधून बाहेर अडकवा, नाहीतर ती आत पडते. हेडचे नट कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात असे, एका वेळी पाव फेरी सोडा. एकच नट पूर्ण सोडला तर हेड वाकू शकतं. हेड चिकटलं असेल तर रबरी हातोड्याने कडेने हलके ठोका. जोडात स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. त्या एका ओरखड्यातून पुढे आयुष्यभर ऑइल झिरपतं.

ब्लॉक वर सरकवला की पिस्टनची पिन अडवणारं लॉक काढण्याआधी केसच्या तोंडात स्वच्छ कापड कोंबा. तेवढंसं तारेचं लॉक उडून केसमध्ये पडलं की ते शोधायला पुष्कळदा अख्खं इंजिन उघडावं लागतं. काढलेलं लॉक पुन्हा वापरू नका.

मोजल्याशिवाय काही विकत घेऊ नका

माझ्या मते घरी काम करण्याचा खरा फायदा इथे आहे. घाईच्या दुकानात माप घेण्याऐवजी सरसकट किट बदललं जातं. तुमच्याकडे वेळ आहे, तेव्हा मोजा.

नवी किंवा जुनी रिंग बोअरमध्ये ठेवा आणि पिस्टनने ढकलून सरळ बसवा. तिच्या टोकांमधली फट फिलर गेजने मोजा. छोट्या इंजिनात नवी असताना ती ०.१५ ते ०.३० मिमी असते. ०.५ मिमीच्या आसपास गेली की रिंगा संपल्या असं समजा. पण नुसत्या रिंगा बदलून चालेल का, हे बोअर ठरवतो. वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी बोअर मोजायला बोअर गेज लागतो. तो नसेल तर ब्लॉक आणि पिस्टन घेऊन लेथवाल्याकडे जा. वरच्या कडेला नखाला लागेल असा कट्टा पडला असेल किंवा उभे ओरखडे दिसत असतील, तर बोअर करावाच लागेल. ओव्हरसाइज पिस्टन साधारण ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमीच्या टप्प्यांत येतात. आधी पिस्टन विकत घ्या आणि तो लेथवाल्याला द्या. तो पिस्टनच्या मापाने बोअर करतो. बोअर आधी आणि पिस्टन नंतर हा उलटा क्रम आहे. काही इंजिनांत लोखंडी स्लीव्हऐवजी ॲल्युमिनियमवर निकासिलसारखा कडक मुलामा असतो. तो बोअर होत नाही, ब्लॉकच बदलावा लागतो.

बोअर करून आलेला ब्लॉक रॉकेलने नाही, तर गरम पाणी, साबण आणि ब्रशने धुवा. होनिंगची (बोअर घासून शेवटचा हात देण्याची) भुकटी बोअरच्या खाचांत अडकून बसते आणि तेलाने ती निघत नाही. पांढरं कापड आतून फिरवल्यावर पांढरंच निघेपर्यंत धुवायचं. मग लगेच वाळवून ऑइलचा हात द्या, नाहीतर तासाभरात गंज चढतो.

हेडसाठी सोपी चाचणी आहे. प्लग लावून हेड इनटेकचं तोंड वर येईल असं धरा आणि त्या तोंडात रॉकेल ओता. मग एक्झॉस्टच्या तोंडात. व्हॉल्व्हच्या कडेने आत ओल आली तर सीट बसत नाहीये. व्हॉल्व्ह काढून लॅपिंग पेस्टने, रबरी चोषक लावलेल्या काठीने घासा. सीटवर चारी बाजूंनी सारख्या रुंदीची, साधारण १ मिमीची करडी पट्टी उमटली की थांबा. जास्त घासल्याने सीट रुंद होते आणि फायदा उलटतो. पेस्टचा कणही मागे ठेवू नका. व्हॉल्व्ह गाइडमध्ये डुलत असेल तर गाइडचं काम मशीनवाल्याचं. स्टेम सील मात्र दरवेळी नवे टाका.

कनेक्टिंग रॉड हाताने वर-खाली हलवून पाहा. वर-खाली जरासुद्धा खडखड नको. बाजूला थोडा खेळ असतोच, त्याला घाबरू नका. वर-खाली खेळ असेल तर क्रँक प्रेसवर उघडून रॉड बदलावा लागतो आणि नंतर क्रँक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या मापात सरळ करावा लागतो. हे घरी करू नये.

खालचा भाग उघडलाच, तर पुलरशिवाय मॅग्नेट काढू नका आणि शाफ्टवरची छोटी चावी हरवू नका. गियर शाफ्टच्या टोकांना पातळ वॉशर असतात. ते शाफ्टबरोबर येतात किंवा तेलाने केसला चिकटून राहतात. किती होते आणि कुठे होते, ते फोटोत पकडा. बेअरिंग बदलायचं असेल तर केस आधी सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंत सारखी गरम करा. बेअरिंग मग थोड्याशा ठोक्याने निघतं आणि बसतं. थंड केसमध्ये ठोकून बसवलेलं बेअरिंग जागा खातं.

जोडणी

पॅकिंग, ऑइल सील आणि ओ-रिंगा सगळ्या नव्या. जुनं पॅकिंग खरवडताना बोथट पट्टी वापरा. फार जुन्या गाडीच्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ते ओलं करून काढा, सुकं घासू नका. ऑइलची भोकं हवेने फुंकून घ्या आणि डॉवेल पिना (दोन भाग नेमके जुळवणाऱ्या छोट्या नळ्या) जागेवर आहेत याची खात्री करा.

रिंगांवर कोरलेलं अक्षर वरच्या बाजूला येऊ द्या. तीन रिंगांच्या फटी एकाखाली एक नकोत, १२० अंशांच्या अंतराने ठेवा. पिस्टनच्या डोक्यावर ‘इन’ कोरलेलं असेल तर ती बाजू कार्बोरेटरकडे. बाण असेल तर बहुतेक गाड्यांत तो सायलेन्सरकडे. लॉकचं उघडं तोंड पिस्टनच्या खाचेसमोर नको. बोअर, पिस्टन, रिंगा सगळ्याला ऑइल लावा. ब्लॉक खाली सरकवताना एकाने ब्लॉक धरायचा आणि दुसऱ्याने बोटांनी रिंगा दाबायच्या. अडला तर जोर नको. अडलेली रिंग ठिसूळ असते आणि एका ठोक्यात मोडते.

हेडचे नट पुन्हा कोपऱ्याकोपऱ्याने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने. मॅन्युअलचा आकडाच अंतिम, पण अंदाज म्हणून, ६ मिमीच्या कव्हर बोल्टना १० ते १२ न्यूटन-मीटर आणि ८ मिमीच्या हेड नटना सहसा २० च्या पुढे लागतात.

टायमिंगच्या खुणा फोटोशी ताडून बसवा, टेन्शनर लावा आणि आता प्लग न लावता हाताने क्रँक पूर्ण दोन फेऱ्या फिरवा. खुणा परत जागेवर यायला हव्यात. मध्येच कुठे कडक अडथळा लागला तर तिथेच थांबा. तो व्हॉल्व्ह पिस्टनला टेकल्याचा असू शकतो. हाताने फिरवताना व्हॉल्व्ह वाचतो, किकने वाचत नाही. टॅपेट थंड इंजिनावर, मॅन्युअलमधल्या फटीप्रमाणे लावा. छोट्या इंजिनांत ती बरेचदा ०.०५ ते ०.१० मिमी असते.

इंजिन फ्रेममध्ये चढवताना सगळे फाउंडेशन बोल्ट आधी हाताने आत घाला आणि सगळे बसल्यावरच घट्ट करा. एक आधी आवळला की बाकीच्यांची भोकं जुळत नाहीत.

पहिली किक आणि नंतरचे किलोमीटर

पूर्ण उघडलेल्या इंजिनाला नेहमीच्या बदलापेक्षा जास्त ऑइल लागतं, कारण आत काहीच उरलेलं नसतं. मॅन्युअलमध्ये ओव्हरहॉलनंतरचं माप वेगळं दिलेलं असतं, तेवढं भरा. क्लच ऑइलमध्ये बुडालेला असल्याने डब्यावर ‘जासो एमए’चा शिक्का असलेलंच मोटरसायकलचं ऑइल घ्या. कारच्या काही ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या घटकांनी क्लच घसरतो.

प्लग न लावता वीस-तीस किका मारा, म्हणजे ऑइल वरपर्यंत चढतं. या वेळी कॅप बाजूला ठेवून इग्निशन बंद ठेवा. टॅपेटच्या झाकणातून कॅमवर ऑइल आलेलं दिसलं की प्लग लावून गाडी सुरू करा, तीही उघड्यावर. बंद खोलीत धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता घात करतो. पहिल्या मिनिटांत थोडा धूर येतो, तो लावलेल्या ऑइलचा असतो. दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या आणि सगळे जोड कोरडे आहेत का ते पाहा.

पहिले ५०० किलोमीटर थ्रॉटल पूर्ण उघडू नका, पण एकाच वेगाने रेंगाळतही बसू नका. वेग चढवा, उतरवा, रिंगा त्यानेच बसतात. वरच्या गियरमध्ये इंजिन धापा टाकेल असं चालवणं जोरात पिटाळण्याइतकंच वाईट. ३०० ते ५०० किलोमीटरच्या दरम्यान ऑइल बदला आणि ते पुन्हा भांड्यात धरून पाहा. बारीक करडी चकाकी असेल तर नव्या रिंगा बसतायत. नखावर उचलता येईल असा तुकडा निघाला, तर गाडी त्या दिवशी चालवू नका. त्याच बैठकीत थंड इंजिनावर टॅपेट पुन्हा लावा आणि फाउंडेशन बोल्टांना टॉर्क पाना फिरवून घ्या.